मदत हवी आहे : काकाडूच्या पाणथळीतील खारफुटी कशी ओसरली?

सप्रेम नमस्कार. उत्तर ऑस्ट्रेलियातील काकाडू येथील साउथ ॲलिगेटर नदीच्या पूरमैदानाविषयी एक शंका आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्रपातळी आजच्यापेक्षा अंदाजे १२० मीटर खाली होती; पुढे बर्फ वितळून ती चढत गेली, दरीत खारे पाणी शिरले आणि सुमारे ६,००० वर्षांपूर्वी पातळी स्थिरावली, तेव्हा आज जिथे गोड्या पाण्यात कमळे फुलतात तिथे खारफुटीचे विस्तीर्ण जंगल होते. तिचा गंधकयुक्त चिखल अजूनही मैदानाखाली आहे. (तिथल्या खडकचित्रांतही हा पालट उमटला आहे, याचे मला विशेष अप्रूप वाटते.) पुढे गाळ साचून जमीन उंचावली आणि भरतीचे पाणी पोहोचेनासे झाले, हे समजते, परंतु गाळाच्या उभ्या नमुन्यात (जमिनीत नळी खुपसून काढलेल्या थरांच्या स्तंभात) गोड्या पाण्याचा थर नेमका कुठून सुरू होतो, हे गाळात टिकलेल्या वनस्पतींच्या परागकणांखेरीज आणखी कशावरून ओळखतात? जाणकारांनी कृपया सांगावे.