मदत हवी आहे: गोळीमुळे बीपी वाढलंय, कॅल्शियमने उतरेल का?

रानजाई
गोळी सुरू करून चार महिने झाले आणि बीपी वाढलंय. मावसबहीण म्हणते, कॅल्शियम घे, त्याने आटोक्यात राहतं. रोज किती मिग्रॅ घ्यायचं? दूध की सप्लिमेंट? डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळालीय, तोवर मला काहीतरी करायचंच आहे. प्लीज लवकर सांगा.

पर्वती_पायथा
कसली गोळी? थायरॉइडची? आणि वाढलंय म्हणजे नेमकं किती?

आजीचा_बटवा
नाचणी! 100 ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम असतं. रात्री पीठ ताकात भिजव, सकाळी आंबील कर. तीळ तर त्याहून भारी. आमच्याकडे तीळकूट बारा महिने असतं.

रानजाई
अहो, गर्भनिरोधक गोळी. पीसीओडीसाठी दिलीय. 146/94 आलं, परवा 142/92. आधी कायम 116/74 असायचं.

औषधवाला_कर्वेरोड
पाकिटावर एथिनिल एस्ट्राडिऑल लिहिलंय का? त्या इस्ट्रोजेन हार्मोनमुळे यकृत अँजिओटेन्सिनोजेन नावाचं प्रथिन जास्त बनवतं, त्यातून रक्तवाहिन्या आवळतात, शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं. बहुतेकींचं दोन-चार अंकांनीच वाढतं, काहींचं मात्र खूप. गोळी थांबवल्यावर बहुधा काही महिन्यांत उतरतं.

निसर्गमार्गी
म्हणूनच सांगतो, हार्मोन्स घेऊच नयेत. शतावरी घ्या, मीठ सैंधव वापरा.

औषधवाला_कर्वेरोड
सैंधवातही सोडियमच असतं हो. बीपीवाल्याला त्याने काय फरक पडणार? आणि न बघता शतावरी सुचवू नका.

पर्वती_पायथा
यंत्र दंडाचं की मनगटाचं? माझ्या आईचं मनगटाच्या यंत्रावर कायम जास्त यायचं.

रानजाई
दंडाचं. पहिल्यांदा तीन जिने चढून आल्या आल्या घेतलं होतं. परवा मात्र शांत बसून. एथिनिल एस्ट्राडिऑल आहे, 0.03 मिग्रॅ. कॅल्शियमचं कुणीच सांगत नाहीये!

औषधवाला_कर्वेरोड
सांगतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2020च्या शिफारशीप्रमाणे दिवसाला 1000 मिग्रॅ. आहारात कमी पडत असेल तर भरून काढा, दूध, दही, नाचणी, काहीही चालेल. पण त्याने बीपी उतरलं तरी एक-दोन अंक. तुमचं वरचं 25-30ने चढलंय, ते त्याच्या आवाक्यातलं नाही. 140/90च्या वर असेल तर इस्ट्रोजेनवाली गोळी सहसा देत नाहीत, 160/100च्या वर तर अजिबातच नाही. तीन आठवडे थांबू नका. वय किती? सिगारेट? डोकं दुखतं?

दुधाणी
पिशवीतल्या दुधातलं कॅल्शियम तापवल्यावर टिकतं का? सिंहगड रोडला गोठ्याचं चांगलं दूध कुठे मिळेल?

पर्वती_पायथा
टिकतं. गोठ्यासाठी वेगळा धागा काढा ना, इथे ताईंचं बीपी चाललंय.

रानजाई
33. सिगारेट नाही. अर्धशिशी कॉलेजपासून आहे, पण ती वेगळीच. आधी वाचताना मधली अक्षरं दिसेनाशी होतात, कडेला चमचमती नागमोडी रेघ सरकत जाते. वीसेक मिनिटांनी ती जाते आणि मग डोकं ठणकतं. त्याचा काय संबंध?

औषधवाला_कर्वेरोड
ताई, फार मोठा संबंध आहे. ही 'ऑरा'वाली, म्हणजे डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे असं काही दिसणारी अर्धशिशी वाटतेय. तशी असेल तर इस्ट्रोजेनची गोळी कोणत्याही वयात देत नाहीत, पक्षाघाताचा धोका वाढतो. वर तुमचं बीपी. डॉक्टरांना हे सांगितलंय का? आजच फोन करा, आजची गोळी घ्यायची का तेही विचारा. हात-पाय लुळा पडला, बोबडी वळली, तोंड वाकडं झालं, तर फोनही नको, थेट हॉस्पिटल.

रानजाई
नाही सांगितलं. त्यांनी विचारलं नाही, मला सुचलं नाही.

आजीचा_बटवा
बाळा, आधी फोन कर. आंबील कुठे पळून जात नाही.

निसर्गमार्गी
आधुनिक औषधांचं हे असंच.

पर्वती_पायथा
तांबी किंवा इस्ट्रोजेन नसलेल्या गोळ्याही आधुनिकच आहेत, त्या चालतात अशा बायकांना. आत्ता वाद नको.

रानजाई
फोन लागला. आजची गोळी घेऊ नका म्हणाल्या, उद्या सकाळी दहाला बोलावलंय. बीपीची वही आणि पाकीट घेऊन जाते. मावसबहिणीलाही अर्धशिशी आहे आणि तीही हीच गोळी घेते, तिला आत्ताच कळवते.