जर्मनीत घरची तीन झाडं: फुलं दाट आणि उत्पन्न भरघोस कसं मिळेल?

एस्लिंगेनकर:

नमस्कार मंडळी. स्टुटगार्टजवळ एस्लिंगेनला राहतो, भाड्याचं घर, तिसरा मजला. १ एप्रिल २०२४ पासून इथे प्रौढ माणसाला घरी गांजाची तीन झाडं लावायला परवानगी आहे. किमान सहा महिने जर्मनीत वास्तव्य हवं ही अट आहे, ती माझी केव्हाच पूर्ण झाली. बाल्कनी रस्त्याकडे तोंड करून आहे, म्हणून सामानाच्या खोलीत ८० बाय ८० सेंटिमीटरचा तंबू आणि एक एलईडी दिवा लावलाय.

अडचण अशी की झाडं उंच आणि काटकुळी होतात. फुलं येतात पण फुसकी, दाबली की मध्ये हवाच. व्हिडिओत लोक मक्याच्या कणसाएवढी घट्ट फुलं दाखवतात. खत कमी पडतंय का दिवा? तीन झाडांतून जास्तीत जास्त माल कसा काढायचा?

बायकोला यात रस नाही, पण विरोधही नाही. मुलगी तीन वर्षांची आहे. कृपया उपदेश नको, बागेचं बोला.

निफाडचा_नाना:

बागेचंच बोलतो. आमच्या घरी निफाडला द्राक्षं आहेत, थॉमसन जातीच्या बागेत लहानाचा मोठा झालो. आता हाइलब्रॉनजवळ नोकरी करतो आणि कायद्यात बसतील तेवढी झाडं घरी लावतो. पण आधी हिशेब करू, कारण तुमचा प्रश्नच त्यावर उभा आहे.

घरात वाळलेला माल किती ठेवता येतो? माणशी ५० ग्रॅम. ५० ते ६० ग्रॅम सापडला तर दंड, ६० च्या वर गेलात की फौजदारी. बायको स्वतःसाठी लावत नसेल तर तिचे ५० ग्रॅम तुमच्या खात्यात धरू नका. आता बघा, तंबूत नीट जमलेलं एक झाड एकट्यानेच वाळून ५० ग्रॅमच्या आसपास जातं. तिन्ही झाडं व्हिडिओतल्यासारखी आली तर कापणीच्या आठवड्यात तुमच्या घरात कायद्याच्या दुप्पट-तिप्पट माल असेल. मित्राला देता येत नाही, फुकटसुद्धा नाही, कारण घरचा माल फक्त स्वतःच्या वापरासाठी. जास्तीचा नष्ट करावा लागतो. म्हणजे वीज, माती, खत सगळं घालून पिकवायचं आणि फेकायचं. आपण परदेशी माणसं, आपला राहण्याचा परवाना आणि उद्याचं नागरिकत्व असल्या ग्रॅमांवर टांगून ठेवायचं नाही, हे माझं ठाम मत आहे.

तेव्हा भरघोस उत्पन्न विसरा. तिन्ही झाडं एकदम फुलावर आणू नका. एक तंबूत फुलात असताना दुसरं लहान असू द्या, पण तंबूबाहेर, जास्त तासांच्या उजेडात. बरणीतलं संपत आलं की पुढचं कापायला यावं, अशी पाळी लावा. जिवंत झाडं मात्र कधीही तिनाच्या वर जाऊ देऊ नका.

आता दाटपणा. द्राक्षवाल्याला विचाराल तर दाट घड ही कौतुकाची गोष्ट नाही, काळजीची आहे. थॉमसनचा घड मुळात गच्च. मण्याला मणी चिकटला की आत हवा जात नाही, एक मणी फुटला की त्याचा रस शेजारच्यावर, आणि अवकाळी पाऊस झाला की आतून कुजायला सुरुवात. बाहेरून घड सोन्यासारखा दिसतो, उलटा करून पाहिला की मध्ये राखाडी लव. म्हणून तर आमच्याकडे फुलोऱ्याआधी जीए (वाढीचं संप्रेरक) देऊन घड लांबवतात, नंतर बायका कात्री घेऊन मणी विरळतात. ते मजुरीचं काम आहे, महाग आहे, तरी कोणी टाळत नाही.

गांजाच्या फुलाला लागते ती हीच बुरशी, बोट्रायटिस. जर्मन लोक तिला ग्राउशिमेल म्हणतात. तुमच्या एस्लिंगेनच्या उतारावर नेकार नदीकाठचे द्राक्षवाले सप्टेंबरमध्ये तिच्याच धाकात असतात. गंमत म्हणजे रीसलिंग या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाच्या काही बागांत हीच बुरशी मुद्दाम येऊ देतात आणि तिच्यापासून गोड वाइन करतात. पण आपण फूल ओढून आत घेतो, आपल्याला ती परवडत नाही. फूल जितकं जाड आणि घट्ट तितकी ती आधी आत बसते. ओळखायची खूण सांगतो: फुलातून बाहेर आलेलं एखादंच छोटं पान अचानक पिवळं-तपकिरी पडतं, बाकी झाड हिरवंगार. ते पान चिमटीत धरून हलकेच ओढा. अलगद हातात आलं तर फूल उघडून बघा, आत देठ तपकिरी आणि मऊ झालेला असतो, वर राखाडी धूळ. असं फूल आजूबाजूच्या भागासकट पिशवीत बंद करून कचऱ्यात. कुजकं कापून उरलेलं वापरू नका, बीजाणू डोळ्याला दिसत नाहीत.

तुमची झाडं काटकुळी का, तर उजेड. खत नाही. रोपाला उजेड कमी पडला की दोन पेऱ्यांतलं अंतर वाढतं, ते वर पळतं. मिरचीचं रोप खिडकीत ठेवलंत तरी हेच होईल. दिवा रोपाच्या मानाने वर टांगलाय किंवा कमी ताकदीचा आहे. घाईने खत घातलंत तर नुसता पाला माजेल. आमच्याकडेही नत्र जास्त झालं की वेल माजतो आणि घड गळतो.

रोप लहान असतानाच शेंडा खुडा. मग बगलफुटी जोर धरतात, झाड बुटकं आणि पसरट होतं, उजेड सगळ्यांना सारखा मिळतो. खालच्या, सावलीतल्या बारीक फुटी काढून टाका, त्यांच्यावर येतं ते पोकळच येतं. जाळीवर किंवा दोरीने फांद्या आडव्या बांधल्या तरी चालतं, वेल मांडवावर पसरवतात तसंच काम आहे. पानांच्या छतातून समोरच्या भिंतीचे ठिपके दिसले पाहिजेत.

फुलावर आणायचं गणित शेवंतीचं. दिवस लहान झाला की झाड फुलतं. पुण्याकडे शेवंतीच्या शेतात रात्री बल्ब लावून फुलोरा पुढे ढकलतात, तसं इथे उलट: बारा तास उजेड, बारा तास पूर्ण अंधार. अंधारात तंबूच्या चेनमधून उजेड शिरत असेल तर झाड गोंधळतं. तुमची फुलं फुसकी असण्याचं ते एक कारण असू शकतं. रात्री खोलीतला दिवा लावून, तंबूत डोकं घालून बघा, कुठे उजेडाची रेघ दिसते का.

आणि पंखा. छोटा, फिरता, झाडाच्या अंगावर नाही, फांद्यांच्या मधून वारा जाईल असा. फुलोऱ्यात आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. दमट हवा तंबूतून खोलीत आणि खोलीतून भिंतीत जाते. भाड्याच्या घरात भिंतीला बुरशी आली की मालकाशी कटकट ठरलेली. इथले लोक सकाळ-संध्याकाळ खिडक्या सताड उघडून श्टोसल्युफ्टन करतात, ते तुम्ही दोन वेळचं जेवण समजून करा.

सानिका_फ्रांकफुर्ट:

नाना, फार छान लिहिलंत. एस्लिंगेनकर, उपदेश नाही, पण मुलगी तीन वर्षांची आहे म्हणून लिहितेय. मी इथे मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे.

कायद्याने झाडं आणि माल दोन्ही मुलांच्या आणि इतरांच्या हाती लागणार नाही असे ठेवायचे असतात. तंबूची चेन तीन वर्षांचं मूल उघडतं. खोलीला कुलूप हवं, किल्ली तुमच्याकडे. बरणीही कुलपात. सगळ्यात वाईट असतं ते खाण्यात घातलेलं. तूप, बिस्किट, केक काही करत असाल तर मूल घरात असताना करू नका, आणि ओळखीच्या डब्यात तर अजिबात ठेवू नका. मूल ते खाऊन गुंगलं, तोल जायला लागला, उठवून उठत नसेल तर ११२. काय खाल्लंय ते लपवू नका. डॉक्टरला ते पहिल्या मिनिटाला कळलं तर मुलाच्या नको त्या तपासण्या वाचतात. थोडंसंच चाटलंय असं वाटलं तरी गिफ्टनोट्रुफला, म्हणजे विषबाधेच्या हेल्पलाइनला, फोन करा.

घरात कोणाला, रक्ताच्या नात्यात, सायकोसिसचा (भास-भ्रम होण्याचा मानसिक आजार) त्रास झालेला असेल तर तुम्ही स्वतःसुद्धा यापासून लांबच राहा. हे मी वॉर्डात नाही, माझ्या माहेरी बघितलंय.

गाडी चालवता का? रक्ताच्या सीरममध्ये टीएचसीची (गांजातला नशा आणणारा घटक) मर्यादा ३.५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आहे. लायसन्स नवीन असेल, प्रोबेट्साइट (सुरुवातीचा परीक्षाकाळ) चालू असेल तर शून्य.

कोथरूडचा_बागप्रेमी:

माहिती वाचून वाटलं, माझ्या गच्चीवर मोगरा, कढीपत्ता, ड्रॅगनफ्रूट सगळं आहे. एक झाड कोपऱ्यात लावलं तर कोण बघतंय? भांग तर होळीला चालतेच की.

निफाडचा_नाना:

नका लावू. भारतात १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा, कायदा आहे आणि झाड लावणं हाच त्यात गुन्हा आहे, एक असो की शंभर. कलम २० मध्ये लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. भांगेचं म्हणाल तर कायद्यात ‘गांजा’ म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्याशिवायची नुसती पानं आणि बी त्या व्याख्येबाहेर आहेत, म्हणून काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकानं दिसतात. त्याचा अर्थ गच्चीवर झाड चालतं असा नाही. आपल्याकडे उसात आणि तुरीत लपवलेली झाडं पोलीस उपटतात, बातम्या तुम्हीही वाचत असाल. त्यात पकडला जातो तो शेतकरी, आणि त्याचं घर किती वर्षं त्या खटल्यात जातं हे मी आमच्या बाजूला जवळून पाहिलंय. त्यामुळे या विषयावर मला हसता येत नाही.

जुनी गोष्ट सांगतो, तुम्हाला बागेची आवड आहे म्हणून. इंग्रजांनी १८९३-९४ मध्ये या झाडावर आयोग नेमला होता. तेव्हा खांडव्याला आणि बंगालात नौगावला सरकारी परवान्याखाली याची शेती होत असे. नौगावच्या शेतात नर झाडं ओळखून उपटणारे खास जाणकार असत, त्यांना पोद्दार म्हणत. नर राहिला की मादीला बी धरतं आणि फुलाचा कस जातो. म्हणजे आज व्हिडिओत जे गुपित म्हणून सांगतात ते आपल्या शेतकऱ्यांना तेव्हाच ठाऊक होतं. ज्ञान आपलं होतं, त्याचा मला अभिमान आहे. पण लागवड आज इथे जर्मनीत चालते, कोथरूडला चालत नाही.

एस्लिंगेनकर, त्यावरून तुम्हालाही: भारतात जाताना बॅगेत काही म्हणजे काही नको. जुन्या जॅकेटचा खिसा, मुलीची सॅक, सगळं झटकून घ्या. आखाती विमानतळावरून जाणार असाल तर दोनदा.

एस्लिंगेनकर:

सगळ्यांचे आभार. रात्री तंबूत शिरून बघितलं, खालच्या चेनपाशी आणि वायर जाते त्या भोकातून उजेड येत होता. काळी टेप लावली. खोलीला कुलूप बसवायला उद्या माणूस येतोय. सानिकाताई, माझ्या काकांना तसा त्रास होता. हे मी या बाजूने कधी विचारातच घेतलं नव्हतं. बायकोशी बोलतो.

नाना, दोन प्रश्न. एक झाड आत्ता फुलात आहे, फुलं पोकळ असली तरी ठेवू का? आणि विजेचं किती धरायचं?

निफाडचा_नाना:

काकांचं आधी डॉक्टरशी बोला, झाड थांबेल. सानिकाताई म्हणतात ते खतापाण्याच्या वर आहे.

झाड निरोगी असेल तर ठेवा. पोकळ फुलाचा कस कमीच असतो असं नाही, वजन कमी भरतं एवढंच, आणि वजन तुम्हाला नकोच आहे. बी धरलंय का तेवढं बघा. वाळवताना फांद्या उलट्या, अंधारात, एकमेकींना न चिकटता टांगा. ओला माल वाळून चौथ्या-पाचव्या हिश्शावर येतो, त्यावरून अंदाज बांधा. बारीक काडी वाकवल्यावर कट्कन मोडली की बरणीत भरायचा, आणि सुरुवातीला झाकण रोज थोडा वेळ उघडायचं. वास अमोनियासारखा आला तर भरायची घाई झाली, बाहेर काढून पुन्हा पसरा.

विजेचं: १०० वॉटचा दिवा बारा तास म्हणजे महिन्याला ३६ युनिट. युनिटला ३५ ते ४० सेंट धरा, तेरा-चौदा युरो होतात. पंखा वेगळा, तो किरकोळ आहे, पण तो चोवीस तास चालू ठेवा. आणि स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा त्या खोलीत नेऊन ठेवा. बरणी भरण्याआधी वजन.