पाण्याखालचे सगळे फोटो निळे येतायत, स्ट्रोब घेऊ का?

खारा_चष्मा:
मंडळी, जरा मदत हवीय. आम्ही चौघं मित्र, स्कूबाचा ओपन वॉटर कोर्स करून वर्ष झालं, प्रत्येकाचे वीस-बावीस डाइव्ह झालेत. नुकतेच तीन दिवस एका रीफवर होतो, १० ते १५ मीटर खोल, पाणी चांगलं स्वच्छ. माझ्याकडे साधा अ‍ॅक्शन कॅमेरा, हाउसिंगसकट (पाणी आत न शिरू देणारी पेटी), आणि वर एक छोटा टॉर्च चिकटवलेला. खाली असताना वाटत होतं काय भारी फोटो मिळतायत, वर येऊन लॅपटॉपवर बघतो तर सगळं निळंशार, लालभडक सोल्जरफिश राखेत लोळून आल्यासारखा दिसतोय आणि जवळपास अर्ध्या फोटोंवर पांढरे ठिपके, बर्फ पडल्यासारखे. चारशे फोटोंत कुणाला दाखवण्यासारखे तीन निघाले, त्यातल्या एकात मासा कमी आणि मित्राचा फिन (पायातलं वल्हं) जास्त.

आता स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश, घ्यावा असं डोक्यात आहे. घेऊ का? आणि अजून एक, कॅमेरा हातात असला की माझी हवा सगळ्यांच्या आधी संपते, टाकीतल्या हवेचा दाब माझा ५० बारवर आला तेव्हा बाकीच्यांकडे ९० होते, तर माझ्यामुळे सगळ्यांना लवकर वर यावं लागलं. बडी (डाइव्हमधला जोडीदार) तर वैतागून म्हणाला की तू माझा बडी नाहीस, कॅमेऱ्याचा आहेस.

रंगपंचमी_१२मीटर:
स्ट्रोब घेऊ नका, निदान या कॅमेऱ्यासाठी तरी नको. बहुतेक अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांना स्ट्रोब फायर करायची सोयच नसते, फ्लॅशच नाही तर त्याला इशारा कोण देणार? तुम्हाला हवा असेल तर व्हिडिओ लाइट, तोही नंतर. आधी फुकटातले उपाय करून बघा.

पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं. ५ मीटरच्या आसपासच लाल बराचसा गेलेला असतो, मग नारिंगी, मग पिवळा, शेवटी उरतो तो निळा-हिरवा. यात लोक एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे हिशोब फक्त खोलीचा नसतो. उजेड वरून माशापर्यंत येतो आणि माशापासून परत लेन्सपर्यंत येतो, तो सगळा प्रवास पाण्यातूनच. म्हणजे तुम्ही ५ मीटरवर आहात आणि मासा ३ मीटर लांब आहे तर तुम्ही ८ मीटर पाण्यातून फोटो काढताय. त्यात मास्कमधून सगळं साधारण एक तृतीयांश मोठं आणि पाव अंतराने जवळ दिसतं, तेव्हा "आलो की अगदी जवळ" असं वाटतं तेव्हाही तुम्ही लांबच असता. मी स्वतःला नियम घालून घेतलाय, हात पूर्ण लांब केला तर जिथे पोचेल त्याच्या आतली वस्तू असेल तरच बटण दाबायचं. फोटो निम्म्याहून कमी झाले, पण ठेवण्यासारखे वाढले.

पांढरे ठिपके म्हणजे बॅकस्कॅटर. टॉर्च लेन्सच्या डोक्यावरच बसवलाय ना? मग लेन्ससमोर तरंगणारा कचरा त्या उजेडात चमकणारच, धुक्यात गाडीचे दिवे अप्परवर टाकल्यासारखं. लाइट दांडीवर घेऊन बाजूला न्या आणि तोंड किंचित बाहेरच्या दिशेला ठेवा, माशावर उजेडाची नुसती कड पडली पाहिजे.

मीठभाकर:
वरच्या प्रतिसादाला +१, फक्त एक भर घालतो. लाल फिल्टर ही स्वस्तातली गोष्ट विसरू नका. पण तो लाल रंग आणून देत नाही हां, निळा अडवतो, त्यामुळे उजेडही कमी होतो. ऊन पाठीमागे असेल आणि साधारण ५ ते २० मीटरमध्ये असाल तर मस्त चालतो, त्याहून खाली किंवा ढगाळ दिवशी नुसता काळोख. आणि फिल्टर लावून वर लाइट मारलात तर जवळची वस्तू लालबुंद होते, एकच काहीतरी ठेवा.

कॅमेऱ्यात रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला फोटो) असेल तर रॉ, नंतर व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, फिरवता येतो. मॅन्युअल व्हाइट बॅलन्स असेल तर पांढऱ्या स्लेटवर करून घ्या आणि ४-५ मीटर खालीवर झालात की परत करा. एकदा केलं आणि विसरलो असं चालत नाही.

रंगपंचमी_१२मीटर:
@मीठभाकर फिल्टर मला कधी पटला नाही, पण व्हिडिओसाठी मान्य.

अर्धा_श्वास:
उजेडाचं सगळं बरोबर सांगितलंय वर, पण धागाकर्त्या, तुझा मूळ प्रॉब्लेम शेवटच्या दोन वाक्यांत आहे असं मला वाटतं. हवा लवकर संपते आणि बडी चिडतो. कॅमेरा नंतर, आधी बोयन्सी, म्हणजे वर-खाली न होता पाण्यात तरंगत राहणं.

माझंच सांगते. तीस-एक डाइव्ह झाले होते, एका फांद्यांच्या कोरलमध्ये इवलासा गोबी मासा बसला होता, मी श्वास रोखून, डोकं खाली घालून, सगळं लक्ष स्क्रीनवर. मागून खडूचा तुकडा मोडावा तसा आवाज आला. पाण्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही, म्हणून मी इकडेतिकडे बघत बसले की कोणी काय केलं, आणि बडी माझ्या फिनकडे बोट दाखवत होता. बोटाएवढी फांदी, मोडलेली जागा पांढरीफटक. या फांद्यांचं कोरल भराभर वाढतं म्हणतात, ते भराभर म्हणजे चांगल्या परिस्थितीत वर्षाला साधारण १० सेंटीमीटर. गोल दगडासारखं असतं त्याला तर एखाद सेंटीमीटर. दगड नाही ना तो, हजारो जीव चिकटून बसलेले असतात. त्या डाइव्हचा एकही फोटो मी ठेवला नाही. गोबीसुद्धा आउट ऑफ फोकस होता म्हणा.

हवेचं गणित असं की १० मीटरवर दाब दुप्पट, २० ला तिप्पट, म्हणजे प्रत्येक श्वासाला तेवढी जास्त हवा जाते. त्यात तू फोटोसाठी एका जागी थांबायला हाताने पाणी कापत असशील, पाय मारत असशील, मग धापा टाकशील. श्वास रोखून स्थिर राहायची सवय लागली असेल तर ती आजच सोड, रोखलेल्या श्वासाने नकळत वर सरकलास तर फुप्फुसं फाटू शकतात, दोन-चार मीटरसुद्धा पुरतात. सावकाश श्वास चालू ठेव, फोटो श्वास सोडून होता होता घे. दोन-तीन डाइव्ह कॅमेरा बोटीवर ठेवून जा, ५ मीटरवर सेफ्टी स्टॉपची (वर येण्याआधी थांबायची) तीन मिनिटं कशालाही न धरता, हात बांधून काढून बघ. जमलं की कॅमेरा घे.

आणि बडीसाठी आमचा ठराव असा की एक शोधतो, दुसरा काढतो, मग अदलाबदल. दोन-तीन फोटो झाले की मान वर, बडी कुठे, गेजवर हवा किती, खोली किती. खोलीचं मुद्दाम सांगते कारण मासा उतारावरून खाली जातो आणि आपण स्क्रीन बघत त्याच्या मागे, तुमचं १८ मीटरपर्यंतचंच ट्रेनिंग आहे ना?

ओरिंग_पुराण:
एवढं सगळं झालं, पण हाउसिंगबद्दल कोणी बोलेना. ओ-रिंगवर (हाउसिंग बंद करणारी रबरी कडी) एक केस अडकला तरी कॅमेरा गेला. माझा गेलाय, केस माझाच होता. बंद करायच्या आधी रिंगवरून आणि खाचेतून बोट फिरवा, डोळ्यांपेक्षा बोटाला जास्त कळतं. ग्रीस लावायला सांगितलं असेल तर नुसती चमक येईल एवढंच, थापायचं नाही. नवीन हाउसिंग पहिल्यांदा रिकामं खाली न्या, आत टिश्यू ठेवून, ओला झाला तर टिश्यूच ओला झाला. वर आल्यावर मीठ वाळायच्या आत गोड्या पाण्यात बुडवून ठेवा आणि पाण्यातच सगळी बटणं दाबा. ओल्या डोक्याने वाकून उघडू नका, मी तेही केलंय.

खारा_चष्मा:
सगळ्यांचे आभार. टॉर्च लेन्सच्या डोक्यावरच होता, अगदी चिकटून 🙈 आणि @अर्धा_श्वास, डाइव्ह कॉम्प्युटरचा लॉग आत्ता उघडून बघितला, दुसऱ्या दिवशी एका कासवामागे मी २१ मीटरला गेलो होतो, मला पत्ताच नाही. बडीला स्क्रीनशॉट पाठवला, त्याने उत्तरात फक्त अंगठा पाठवलाय. डाइव्हच्या भाषेत अंगठा म्हणजे "वर ये", ओके नव्हे, त्यामुळे नेमकं काय म्हणायचंय त्याला ते कळेना.

अर्धा_श्वास:
दोन्ही म्हणायचं असेल. आणि कासवाच्या मागे लागू नकोस, त्यालाही श्वास घ्यायला वर जायचं असतं. बाजूला शांत तरंगत राहिलास तर कधीकधी तेच जवळून जातं.

खारा_चष्मा:
बरं. पहिले दोन डाइव्ह कॅमेरा बोटीवर. तिसऱ्याला बडीच्या हातात देणार, त्याला काढू दे माझे.