एजंटसाठी 'काउंट_युजर्स' टूलचं वर्णन कसं लिहावं? (मर्यादा ६० शब्द)

अर्धविराम (धागाकर्ता)
कीक्लोकच्या (लॉगिन आणि युजर-खाती सांभाळणारं सॉफ्टवेअर) एका रेल्मवर (खात्यांचा स्वतंत्र गट) एआय एजंट जोडलाय. एमसीपी सर्व्हरवर (एजंटला टूल पुरवणारा) दोन टूल आहेत: लिस्ट_युजर्स आणि काउंट_युजर्स. दुसरं आतून ॲडमिन एपीआयच्या युजर्स/काउंटला विचारतं आणि एक पूर्णांक परत देतं. तरी "किती युजर आहेत?" विचारलं की एजंट लिस्ट_युजर्स चालवून ओळी मोजतो आणि छातीठोक सांगतो: १००. मॅक्स (जास्तीत जास्त किती ओळी ते) दिला नाही तर यादी १०० वर थांबते, म्हणून. काउंट_युजर्सचं सध्याचं वर्णन एवढंच: "युजर्सची संख्या देते." ते नीट करायचंय. अटी दोन: ६० शब्दांच्या आत, आणि कोडला हात लावता येणार नाही.

मोजदाद_मास्तर
आधी "युजर" म्हणजे काय ते लिहा. एनेबल्ड (खातं चालू की बंद हा निकष) गाळलं तर चालू-बंद सगळी खाती मोजली जातात. ट्रू दिलं तर चालू, फॉल्स दिलं तर बंद. कोणी "सध्या किती लोक वापरतात" विचारलं तर एजंट हाच आकडा चिकटवेल. म्हणून एक वाक्य हवंच: "ही खात्यांची संख्या आहे, लॉगिन केलेल्यांची नव्हे."

टोकन_संपलं
मायक्रोसॉफ्ट ग्राफवर (मायक्रोसॉफ्टचा एपीआय) ही कटकटच नाही. युजर्सपुढे डॉलर-काउंट लावा, कन्सिस्टन्सी-लेव्हल हेडरमध्ये इव्हेंच्युअल पाठवा, आकडा हजर. हेडर विसरलात तर मात्र एरर. आणि उत्तर साध्या मजकुरात येतं, जेसनमध्ये नाही. पार्सर तिथेच आडवा होतो.

जुनी_डिरेक्टरी
इव्हेंच्युअल म्हणजे आत्ता बनवलेलं खातं मोजणीत लगेच दिसेलच असं नाही, हे सांगायचं राहिलं. बाकी सगळ्यात वाईट ॲक्टिव्ह डिरेक्टरी (मायक्रोसॉफ्टची खाते-डिरेक्टरी). ऑब्जेक्ट-क्लास युजर एवढ्याच फिल्टरवर मोजलंत तर कॉम्प्युटर खातीही आत येतात, कारण तो क्लास युजरपासूनच निघालाय. ऑब्जेक्ट-कॅटेगरी पर्सन जोडावंच लागतं. शिवाय पेजिंग (पानापानाने मागवणं) नसेल तर १००० वर गाडी थांबते.

आरएफसी_वाचक
कशाला एवढी यातायात? टूल स्किमवर (युजर-खाती हाताळायचं प्रमाण) न्या. आरएफसी ७६४४ प्रमाणे काउंट=० पाठवलं की एकही रेकॉर्ड न येता टोटल-रिझल्ट्स मिळतं.

मोजदाद_मास्तर
कोडला हात लावायचा नाही म्हणालेत ते. आणि स्किममधल्या 'काउंट'चा अर्थ पानावर किती रेकॉर्ड, एकूण किती नव्हे. टूलचं नाव काउंट, पॅरामीटरही काउंट, मग एजंट गोंधळला तर दोष कुणाचा?

आरएफसी_वाचक
दोष प्रमाण न वाचणाऱ्याचा. स्टार्ट-इंडेक्ससुद्धा १ पासून सुरू होतो, ० पासून नाही. हेही कोणी वाचत नाही.

पायरी_चुकली
अवांतर थांबवा राव. कीक्लोकचं बोलू. सर्च (सगळ्या रकान्यांत शोधायचा शब्द) दिलं की फर्स्ट-नेम, लास्ट-नेम, ईमेल हे निकष मुकाट्याने गळून पडतात. एजंट सर्चमध्ये "राम" आणि लास्ट-नेममध्ये "जोशी" पाठवतो, मोजणी मात्र एकट्या "राम"ची होते. तीही सुरुवात जुळवून, म्हणजे रामदासही त्यात. मधे कुठेही शोधायचं तर दोन्ही बाजूंना तारका, नेमकं हवं तर दुहेरी अवतरण. हे वर्णनात नसेल तर आकडा चुकीचा येतो आणि एरर काहीच नाही. एरर आली असती तर निदान कळलं तरी असतं.

टोकन_संपलं
+१. सर्चचं लिहाच. एनेबल्डचंही.

शून्य_नव्हे
परवानगीचं कोणीच बोललं नाही. सर्व्हिस अकाउंटला (टूल ज्या खात्याने जोडलंय ते) क्वेरी-युजर्स (शोधायचा) रोल आहे पण व्ह्यू-युजर्स (पाहायचा) नाही, अशा वेळी काही आवृत्त्यांत ४०३ (परवानगी नाही) न येता सरळ ० येऊ शकतो. एजंट सांगणार, "रेल्म रिकामा आहे." वर्णनात लिहा: "निकष न देता ० आल्यास रोल तपासावा." आणि टूल फसलं तर निकालात इझ-एरर (चूक झाल्याची खूण) ट्रू जायला हवं, एररचा मजकूर उत्तर म्हणून नाही. एलडॅप (बाहेरची युजर-डिरेक्टरी) जोडलंय का? आयात न झालेले युजर या मोजणीत येतील असं धरून चालू नका.

जुनी_डिरेक्टरी
रीड-ओन्ली-हिंटही (टूल फक्त वाचतं, बदलत नाही ही खूण) ट्रू करा. एमसीपीत तो मुळात फॉल्स धरला जातो, त्यामुळे नुसत्या मोजणीलाही काही क्लायंट दर वेळी मंजुरी मागत बसतात.

आरएफसी_वाचक
तो नुसता इशारा आहे, सुरक्षा नव्हे. सर्व्हर काहीही लिहू शकतो.

जुनी_डिरेक्टरी
सुरक्षा म्हटलं कुणी?

शून्य_नव्हे
आतापर्यंतच्या सूचना जोडल्या तर दीडशे शब्द होतात. साठाची अट सोडा.

अर्धविराम
सर्वांचे आभार. अट सोडत नाही. शेवटी वेगळंच केलं: बदलली ती लिस्ट_युजर्सची पाटी, कारण पाय घसरतो तो तिथे. आता ती अशी: "युजरचे तपशील देते. मॅक्स न दिल्यास जास्तीत जास्त १००. एकूण संख्येसाठी हे वापरू नये, काउंट_युजर्स वापरावे." काउंट_युजर्समध्ये भर एकाच वाक्याची: "सर्च दिल्यास नाव, आडनाव, ईमेल हे निकष लागू होत नाहीत." तोच प्रश्न पाच वेगळ्या शब्दांत विचारून पाहिला, पाचही वेळा काउंट_युजर्सच उचललं.

मोजदाद_मास्तर
म्हणजे ज्या टूलबद्दल विचारलं त्याचं वर्णन जवळपास तसंच! आणि बंद खाती अजूनही आकड्यात आहेत, ते कुठेच लिहिलेलं नाही.

पायरी_चुकली
लिस्ट_युजर्सच्या स्कीमात (पॅरामीटरची व्याख्या) मॅक्सला वरची मर्यादा आहे का? नसेल तर एखाद्या दिवशी एजंट १०००० टाकेल, सगळ्यांची नावं-ईमेल संदर्भात (एजंट वाचतो त्या मजकुरात) ओढेल आणि मोजताना तरीही चुकेल.

अर्धविराम
नाही. मॅक्सला नुसता पूर्णांक लिहिलाय.