चादरीला मधोमध शिवण का असते? (आणि जुन्या काटकसरीबद्दल आणखी काही)

रिकामटेकडी

आजी आता आमच्याकडे राहायला आली आहे, त्यामुळे तिचं कपाट आवरायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. कपाटात टाकाऊ म्हणावं असं काही सापडत नाही, हीच अडचण आहे. एक चादर आहे, तिला उभी, अगदी मधोमध शिवण. आजोबांचे शर्ट आहेत, त्यांच्या बाह्यांची टोकं पार विरलीत पण कॉलर कोरी करकरीत. पत्र्याच्या डब्यात बटणं, तीही एकेका शर्टाचा संच वेगळ्या दोऱ्यात ओवून ठेवलेला. आलेली पाकिटं उकलून, आतली कोरी बाजू वर काढून पुन्हा चिकटवलेली. स्वेटर उसवून काढलेली लोकर, तिच्यावर जुन्या विणीच्या लाटा तशाच आहेत.

आजीला विचारलं तर "तेव्हा सगळेच करायचे" एवढं बोलून ती परत पेपरात डोकं घालते.

तर प्रश्न असे. चादरीला ही शिवण का? कॉलर नवी कशी राहिली? आणि यातलं आजच्या कपड्यांवर, आजच्या वस्तूंवर काय जमतं? "पूर्वीची माणसं किती साधी, किती समाधानी" या छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. ते घरच्या ग्रुपवर रोज सकाळी येतात.

कात्रीवाला

शिवणकामातच हयात गेली, म्हणून सांगतो.

माणूस चादरीच्या मधोमध झोपतो, म्हणून चादर झिजते ती मधेच. कडा नव्यासारख्या राहतात. धुऊन वाळत घातलेली चादर उन्हाकडे धरून बघायची. मधल्या भागातून उजेड जास्त आला की काम काढायचं, फाटायची वाट बघायची नाही. एकदा फाटली की कापडात टाका धरत नाही.

चादर उभी, बरोबर मध्यावर कापायची. मग डावा तुकडा उजवीकडे, उजवा डावीकडे. आता बाहेरचे दोन काठ मधे आले. काठ मागावरच पक्का विणलेला असतो, त्याचे दोरे सुटत नाहीत, त्यामुळे दुमड घालायची गरज नाही. एका काठावर दुसरा जेमतेम चढवायचा आणि सपाट टीप मारायची. अंगाखाली गाठ लागत नाही. विरलेला भाग आता दोन्ही बाजूंना गेला. तिथलं बोटभर कापड काढून कडा दुमडून टाकायच्या. रुंदी थोडी जाते, पण ती काय, गादीखाली खोचायचीच असते. तुमच्या आजींच्या चादरीची शिवण हाताने चाचपून बघा. सपाट लागली तर काठाला काठ जोडलाय, आणि करणाऱ्याला काम येत होतं.

आता कॉलर. शर्ट आधी विरतो तो कॉलरच्या घडीवर, जिथे मान घासते तिथे. कॉलर आणि तिच्याखालची पट्टी यांच्या मधली एकच शिवण उसवायची की कॉलर सुटी होते. ती उलटी करायची आणि त्याच फटीत बसवून परत शिवायची. झिजलेली बाजू खाली गेली, कोरी वर आली. उसवण्याआधी कॉलरच्या आणि पट्टीच्या मध्यावर खूण करून ठेवायची, नाहीतर कॉलर एका खांद्याकडे झुकते आणि माणूस दिवसभर मान तिरकी केल्यासारखा दिसतो. शर्ट शिवायला टाकतानाच काही गिऱ्हाइकं बजावायची, "कॉलर उलटता येईल अशी करा." मग दोन्ही पदर एकाच मापाचे कापायचे.

तयार शर्टात हे जमेलच असं नाही. कॉलरच्या आत गोंद लावलेलं अस्तर गरम दाबून चिकटवलेलं असतं. पुष्कळ धुण्यांनंतर ते सुटून फोड येतात, आणि फोड आलेली कॉलर उलटून उपयोग नाही. शिवाय वरचा पदर खालच्यापेक्षा किंचित मोठा कापलेला असतो. म्हणून तर टोकं खाली वळतात. ती कॉलर उलटलीत की टोकं आभाळाकडे बघायला लागतात. टोकांत ताठ पट्ट्या सरकवायच्या खाचा असल्या तर त्याही वर येतात. तेव्हा आधी कॉलर चिमटीत धरून दोन पदर एकमेकांवर सरकतात का बघा. सरकले तर करा.

लोकरीच्या लाटा जायला तिची सैल लडी बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि खाली हलकं वजन टांगून सावलीत वाळवा. दाबून पिळू नका.

संशयात्मा

वर काकांनी छान सांगितलं, पण एक खडा टाकतोच. कॉलर कोण उलटत होतं? दिवसभराचं काम उरकल्यावर, रात्री, दिव्याखाली बसून? घरातली बाई. तिच्या तासांचा हिशोब कुणी केला नाही, म्हणून ते सगळं "फुकट" वाटायचं. कापड महाग होतं आणि तिचे डोळे स्वस्त होते, असा तो व्यवहार होता.

दुसरं, वाया न घालवणं हा स्वभावाचा भाग कमी आणि परिस्थितीचा जास्त. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जून १९४१ला कपड्यांवर रेशन आलं, ते मार्च १९४९मध्ये उठलं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं, आणि लोकरीच्या एका झग्याला त्यातली ११ जायची. सरकारने रफू कसं करायचं, जुन्यातून नवं कसं बेतायचं याच्या पुस्तिका वाटल्या, वर्ग चालवले. लोकांनी केलंही सगळं. पण कापड वाचवायला पुरुषांच्या पँटच्या पायाशी बाहेरून वर दिसणारी दुमड घालायला बंदी झाली, तेव्हा काय झालं? लोक मुद्दाम लांब पँट विकत घ्यायचे आणि घरी जाऊन दुमड घालायचे! माणूस तोच असतो. पुढे रेशन उठलं, कपडा स्वस्त झाला आणि रफूची सुई ड्रॉवरच्या तळाशी गेली.

बरं, चिंधीलाही तेव्हा गिऱ्हाईक होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाचा लगदा रुळेपर्यंत युरोपातला कागद मुख्यतः जुन्या सुती-तागी चिंध्यांचा व्हायचा. चिंधी विकली जायची, म्हणून कुणी फेकत नव्हतं. पॅरिसमध्ये १८८४च्या सुरुवातीला घरमालकांना झाकणाच्या कचरापेट्या ठेवायची सक्ती झाली तेव्हा सगळ्यांत जास्त बोंब चिंध्या वेचणाऱ्यांनी मारली, कारण त्यांची रोजीरोटी त्या उघड्या ढिगांवर चालायची. पूर्वी कचरा कमी होता याचं एक कारण हे की तो विकत घेणारं कुणीतरी दारात यायचं. नुसतं आजीला हात जोडून ते परत येणार नाही.

रिकामटेकडी

@संशयात्मा, रात्रीच्या कामाचं पटलं. आजीला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "डोळे स्वस्त वगैरे काही नाही, रेडिओ ऐकता ऐकता व्हायचं." मग जरा थांबून म्हणाली, "पण तुझ्या आजोबांना सुईत दोरा ओवता येत नव्हता हे लिही." लिहिलं.

@कात्रीवाला काका, शिवण सपाटच आहे. तुमचा शेरा आजीला कळवला, ती खूश.

कपड्यांचं झालं. पण आमच्याकडचा जुना टेबलफॅन वडील स्वतः खोलून साफ करतात, आणि माझा फोन मात्र बॅटरी उतरली की संपला. हे मुद्दाम केलेलं असतं असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

जुना_पंखा

नाव बघून आलो.

अर्धं खरं आहे. दिव्यांचा किस्सा सगळे सांगतात, तो खराच घडलाय. १९२४मध्ये मोठ्या बल्ब कंपन्यांनी जिनिव्हात फीबस नावाची कंपनी काढून आपसांत ठरवलं की घरगुती बल्ब १००० तासच चालला पाहिजे. त्याआधी ते दीड-दोन हजार तास चालायचे. ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्या कारखान्याला दंड. पण किस्सा सांगणारे पुढचं सांगत नाहीत. तारेच्या बल्बमध्ये आयुष्य आणि उजेड यांची ओढाताण असते. तार कमी तापवली की जास्त टिकते, पण तेवढ्याच विजेत उजेड कमी देते. कॅलिफोर्नियात लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रात १९०१पासूनचा एक बल्ब अजून जळतोय, त्याचे फोटो फिरत असतात. तो आता सुमारे ४ वॉटवर जळतो. त्याच्या उजेडात तुमच्या आजींना सुई ओवता आली नसती.

तेव्हा "पूर्वी चांगलं बनवायचे, आता लुटतात" इतकं सरळ नाही. पण पंख्याच्या आणि फोनच्या बाबतीत तुमचं निरीक्षण बरोबर आहे. जुना टेबलफॅन उघडा. चार स्क्रू, साधा पेचकस. आत मोटर, ती सुरू करून देणारा कपॅसिटर, आणि दांडा ज्यांत फिरतो ते दोन बुश. पंखा नुसता गुणगुणतो पण आपणहून सुरू होत नाही, बोटाने ढकलला की फिरतो, तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलाय. नवा त्याच किमतीचा, म्हणजे त्याच मायक्रोफॅरडचा आणि तितक्याच किंवा जास्त व्होल्टचा टाकायचा, झालं. (प्लग काढून. आणि जुन्या कपॅसिटरची टोकं हाताला लावायची नाहीत.) घरघर येत असेल तर बुशमध्ये हलक्या यंत्रतेलाचे दोन थेंब. खोबरेल घालू नका, ते घट्ट होतं आणि धूळ धरतं. निम्मे जाम झालेले पंखे त्यानेच होतात.

फोनमध्ये बॅटरी गोंदाने चिकटवलेली, पाठ गोंदाने चिकटवलेली, स्क्रू असले तर वेगळ्याच तोंडाचे. पातळ फोन करताना गोंद सोयीचा पडतो हे खरं. पण बॅटरी हा झिजणारा भाग आहे हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. झिजणारा भाग बाहेर काढता येणार नाही असा बसवणं, हा निर्णय झाला. तो बदलायला लावता येतो. फ्रान्सने २०२१मध्ये फोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन यांवर दुरुस्ती किती सोपी याचे १० पैकी गुण छापायला लावले. युरोपियन युनियनच्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांमधली बॅटरी, काही अपवाद सोडून, वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी असावी लागेल.

संशयात्म्यांशी मी इथे सहमत आहे. माझ्या वडिलांकडे कुठलाच आदर्श वगैरे नव्हता. त्यांच्याकडे पेचकस होता आणि समोरच्या वस्तूला स्क्रू होते. आमच्या जुन्या रेडिओच्या पाठीच्या आतल्या बाजूला सर्किटचा नकाशा छापून चिकटवलेला होता. कारखानाच सांगत होता, बिघडला तर उघड, हे बघ.

रिकामटेकडी

@जुना_पंखा, वडिलांनी आजवर खोबरेलच घातलंय. मी काही बोलले नाही, फक्त स्क्रीन त्यांच्यासमोर धरली.

शेवटचं विचारते. काका, दुकानात उभं राहून कपडा दुरुस्त होण्यासारखा आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

कात्रीवाला

आधी आतून उलटा. शिवणीत माया, म्हणजे टिपेच्या पलीकडचं जादा कापड, किती सोडलीय बघा. बोटाच्या पेराएवढी असेल तर पुढे सैल करता येईल, फाटलं तर पुन्हा आत घेता येईल. शिवणीला लागूनच कापड छाटून ओव्हरलॉक (दोरे सुटू नयेत म्हणून कडेवर मशीनची टीप) मारलेलं असेल तर सैल करायला वाव नाही.

मग ताणून सोडा. रबरी धागा मिसळलेलं कापड मूळ जागी येतं, पण तो धागा वर्षागणिक सैलावतो आणि एकदा सैलावला की त्याला रफू नाही, ठिगळ नाही. रोज घालायच्या पँटला तो जितका कमी तितकं बरं. पॉलिस्टर मिसळलेलं कापड फाटत नाही लवकर, पण त्यावर गोळे धरतात. नुसतं सुती असेल तर उजेडाकडे धरून वीण दाट आहे का एवढंच बघायचं.

बटणं ओढून बघा. दोरा लोंबत असेल तर घरी आणल्या आणल्या, पहिल्यांदा घालायच्या आधी, पक्की करून घ्या. बटण पडल्यावर शोधण्यापेक्षा सोपं. जाड कापडावर बटणाखाली काडेपेटीतली काडी धरून शिवा, मग काडी काढून खाली दोऱ्याचे वेढे द्या, म्हणजे बटणाला मान मिळते आणि काजात कापड चिमटत नाही.

चेन धातूची घ्या. ती मागून उघडायला लागली तर बहुतेक वेळा दात चांगले असतात, सरकणारा तुकडा सैल झालेला असतो. पकडीने त्याच्या मागच्या दोन्ही कडा हलकेच दाबा, एक बाजू मग दुसरी, आणि दर दाबाला चेन ओढून बघा. एकदम जोर लावलात तर तुकडा तडकतो.