चार महिने बंद असलेलं इंजिन आता अर्ध्या चोकवरच चालतंय

पंपखोली
फोर-स्ट्रोक, सिंगल सिलिंडर, १९६ सीसीचं एअर-कूल्ड पेट्रोल इंजिन आहे, पाण्याच्या पंपाला जोडलेलं. चार महिने बंद होतं आणि टाकीत अर्धं पेट्रोल तसंच राहिलं. आता दहा-बारा वेळा दोरी ओढल्यावर सुरू होतं, पण चोक काढला की रेस वर-खाली होत राहते आणि शेवटी बंद पडतं. चोक अर्धा ठेवला की मुकाट चालतं. प्लग नवा टाकून पाहिला, फरक नाही. ऑइल शेवटचं कधी बदललं ते माहीत नाही. सुरुवात कुठून करू?

पाना_दहा
अर्ध्या चोकवर चालवत राहू नका. चोक लावल्यावर हवा अडते आणि पेट्रोलचं प्रमाण वाढतं. तेव्हाच इंजिन नीट चालत असेल, तर एरवी त्याला पेट्रोल कमी पडतंय. रेस पडली की गव्हर्नर (वेग एकसारखा ठेवणारी यंत्रणा) थ्रॉटल (मिश्रणाची वाट कमी-जास्त करणारी झडप) उघडतो, रेस चढली की मिटतो, आणि हेच चक्र चालू राहतं. यात गव्हर्नरचा दोष नसतो. त्याची स्प्रिंग ताणून किंवा वाकवून बघू नका, नाहीतर इंजिन मर्यादेपलीकडे फिरेल.

आधी टाकीतलं जुनं पेट्रोल सगळं काढा. थोडं काचेच्या बाटलीत घेऊन स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि प्रमाणाबाहेर गेलं की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन खाली बसतं. मग कार्बोरेटरकडची (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाकडची) नळी काढून पेट्रोलचा कॉक उघडा. सलग धार हवी. थेंब-थेंब येत असेल तर कॉकची जाळी, गाळाची वाटी आणि टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक तपासा.

धार चांगली असेल तर पायलट जेट (बिनलोडवर पेट्रोल देणारा बारीक भोकाचा तुकडा) बघा. बिनलोडवर रेस वर-खाली होते आणि लोड दिल्यावर सुधारते, तेव्हा बहुतेक हाच अडकलेला असतो. लोडवरच दम जात असेल तर मेन जेट (लोडवर पेट्रोल देणारा). मेन जेट फ्लोटच्या वाटीवरच्या (कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीवरच्या) मधल्या खांबात असतो, इमल्शन ट्यूबच्या खाली. पायलट जेट या प्रकारच्या बऱ्याच कार्बोरेटरांत आयडल स्क्रूच्या खाली असतो. स्क्रू किती फेऱ्या आत आहे ते मोजून ठेवा, मग काढा. भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं. कार्बोरेटर क्लीनर मारा, थोडं भिजू द्या आणि दाबाची हवा द्या. सुई किंवा स्टीलची तार घालू नका. भोक किंचित मोठं झालं तरी मिश्रण कायमचं बिघडतं. तांब्याच्या वायरचा एकच तंतू चालेल.

जोडताना गॅस्केटांचा क्रम आणि बाजू लक्षात ठेवा. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधून हवा शिरली तरी लक्षणं हुबेहूब हीच दिसतात.

टॅपेट
वरचं बरोबर, पण ऑइलचं काय? चालवण्याआधी डिपस्टिक हुंगा. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर फ्लोटची सुई (वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी) गळत होती आणि पेट्रोल क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या ऑइल असलेल्या खालच्या भागात) उतरलंय. ते ऑइल पातळ झालेलं असतं, बेअरिंग खाईल. म्हणून बंद करताना कॉकही बंद करायचा.

वास नसेल तर दोन-तीन मिनिटं चालवा, कोमट असताना ऑइल काढा. गाळ त्याच्याबरोबर बाहेर येतो. या आकाराच्या इंजिनात साधारण ०.६ लिटर, १०डब्ल्यू-३० मावतं. इंजिन सपाट जागी ठेवा. या घराण्यातल्या बहुतेक इंजिनांत डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून बघतात, आणि पातळी भोकाच्या काठापर्यंत लागते. जास्त भरलं तर ब्रीदरमधून (क्रँककेसची हवा सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरमध्ये जातं आणि निळा धूर. कमी असेल तर ऑइल सेन्सर ठिणगीच तोडतो, आणि लोक प्लग बदलत बसतात.

नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल २० तासांनी, पुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल ते. फोमचा फिल्टर ५० तासांनी साबणपाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, ऑइलमध्ये बुडवून घट्ट दाबून काढा. पिळू नका, फाटतो. धुळीत काम असेल तर ही मुदत निम्मी धरा.

पंपखोली
पायलट जेट पूर्ण बुजलेला होता. साफ केल्यावर चोकशिवाय एकसारखं चालतंय. ऑइलला वास नव्हता, तरी बदललं. आता एकच राहिलं: गरम झाल्यावर बंद केलं तर परत सुरू व्हायला फार त्रास देतं.

टॅपेट
मग व्हॉल्व्हचा गॅप (व्हॉल्व्हचा दांडा आणि तो दाबणारा रॉकर यांच्यातली फट) बघा. दर वेळी मिटताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर आदळून झिजतो, खोल बसतो आणि गॅप कमी होतो. गरम झाल्यावर दांडा लांबतो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन जातं. तसंच चालवलं तर कड जळते. आवाज येत नाही म्हणून गॅप ठीक असं समजू नका. आवाज सैल गॅपचा असतो, घट्टचा नसतो.

इंजिन पूर्ण थंड हवं. प्लग काढा, कॉम्प्रेशनच्या ठोक्यावर पिस्टन वर आणा. दोन्ही रॉकर सैल लागले पाहिजेत. या वर्गात साधारण इनलेट ०.१५ मिमी, एक्झॉस्ट ०.२० मिमी असतो, पण आकडा तुमच्या मॅन्युअलचाच धरा. फिलर गेज (ठरावीक जाडीची मोजपट्टी) किंचित अडखळत सरकली पाहिजे. लॉकनट आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना स्क्रू हमखास फिरतो.

पाना_दहा
प्लग काढलाच आहे तर गॅप ०.७ ते ०.८ मिमी करून घ्या. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक, काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. पांढरंफटक असेल तर मिश्रण अजून पातळ आहे किंवा इंजिन तापतंय. तेव्हा पंख्याच्या कव्हराखालच्या फिन्समधला (इंजिन थंड ठेवणाऱ्या पात्यांमधला) कचराही काढा. प्लग आधी हातानेच बसवा. टेकल्यावर नवा असेल तर पान्याने अर्धा फेरा, जुना असेल तर पाव फेऱ्याच्या आतच. हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे लगेच जातात.