मदत हवी आहे : आईच्या नाकात नळी घातलीय, थांबायचं की पुण्याला हलवायचं?

चिंचेखालची – रात्री १२.४०
कॅज्युअल्टीच्या बाहेर बसून टाईप करतेय, चुका सांभाळून घ्या. आई, वय ६४. सकाळपासून पोटात कळा, चार उलट्या, शेवटची हिरवीगार. एक्स-रे झाला, नाकातून नळी, सलाईन, तोंडाने पाणीसुद्धा बंद. डॉक्टर म्हणतात, "ऑब्स्ट्रक्शन वाटतंय, सकाळी बघू." पुणे तीन तास. पटकन सांगा.

एरंडेल_आजोबा
दोन चमचे एरंडेल, कोमट दुधातून. आमच्याकडे तीन पिढ्या हेच.

डबल_ड्युटी
आजोबा, कृपा करा! अडलेल्या आतड्याला जुलाब दिला तर फुटू शकतं. ताई, वारा सरतोय का? पोटाचं आधी ऑपरेशन? जांघेत गाठ?

चिंचेखालची
वारा कालपासून नाही. गाठ नाही. ऑपरेशन कुठलंच नाही.

निवांत_नाना
माझ्या काकांच्या आतड्याला पीळ पडला होता. दुर्बिणीने सोडवला, एक टाका नाही. दुर्बीणवाला गाठा.

डबल_ड्युटी
नाना, तो मोठ्या आतड्याचा पीळ, एक्स-रेत कॉफीच्या बीसारखा दिसतो. सगळ्यांना तेच लावू नका.

चिंचेखालची
आम्हाला एक्स-रेत पायऱ्यांसारख्या आडव्या रेषा दाखवल्या. अरे हो, २००३ ला पिशवी काढलीय. ते पण धरायचं का?

डबल_ड्युटी
अहो, तेच तर विचारतेय! जुन्या ऑपरेशननंतर आत चिकटे धरतात, म्हणजे आतडी एकमेकांना चिकटतात; लहान आतडं अडण्याचं सगळ्यात मोठं कारण ते. पुष्कळदा नळी-सलाईनवर सुटतं, म्हणून थांबणं चूक नाही. पण कळ जाऊन सलग दुखायला लागलं, ताप आला, नाडी पळायला लागली, पोट कडक झालं, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटतोय असं समजायचं. मग सकाळची वाट बघायची नाही. सीटी झाला? लघवी किती झाली?

पॉलिसीवाला
टीपीएला, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या एजन्सीला, कळवलंत का? नंतर कॅशलेस अडकतं.

निवांत_नाना
अहो, वेळ काय, बोलताय काय!

चिंचेखालची – २.१५
सीटी झाला. मघाशी आई म्हणाली कळा थांबल्या, आम्हाला हायसं वाटलं. पण दुखणं सलग चालूच होतं, पोटाला हात लावू देईना. वरची पोस्ट वाचून सिस्टरना उठवलं. नाडी १२४. सर्जन घरून निघालेत, इथेच करणार. नळीच्या पिशवीत दीड लिटर हिरवं पाणी जमलंय. बांगड्या काढायला सांगितल्यात, सोन्याची एक निघतच नाहीये.

एरंडेल_आजोबा
साबण लाव पोरी. अंगठा तळहातात दुमडून ओढ.